दात घासून प्रदर्शनास यावे

“माणसं आणायचं माझ्याकडे लागलं,” असं काका बोलून गेले, आणि हे वाक्य नक्की कुणाच्या तोंडून निघालं ते पाहायला त्यांनी मागे वळून बघितलं. मागे फ्रिज होता. म्हणजे तेच बोलले होते.

काकूंनी हातातला ब्रश पाण्यात बुडवून तसाच धरला. “तुम्ही? माणसं?”

प्रश्न रास्त होता. काका जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासत आले. निवृत्त झाल्यावरही लिफ्टमधल्या सूचनेवर लाल पेनानं खुणा केल्याशिवाय त्यांना वर जाववत नसे, म्हणून सगळी बिल्डिंग त्यांना प्रूफकाका म्हणे. ही आपल्याला मिळालेली पदवी आहे असा काकांचा समज होता आणि तो कुणी मोडला नव्हता. माणसं आणणं राहू दे, घरी आपणहून आलेल्या माणसाला ‘बसा’ म्हणायलासुद्धा त्यांना दोनदा घसा खाकरावा लागे. तोवर माणूस बसलेला असे.

पण प्रसंगच तसा होता. काकू शाळेत भूगोल शिकवत. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या चित्रं काढू लागल्या, आणि काढायच्या त्या फक्त खुर्च्या. स्वयंपाकघरातली, न्हाव्याच्या दुकानातली, बँकेतली, बागेतली, सगळ्या रिकाम्या. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल त्यांना येत्या शनिवारी प्रदर्शनासाठी मिळाला होता, आणि तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद चाललं होतं : “कोण येणार आहे माझ्या खुर्च्या बघायला? रिकाम्या हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या!” हे त्या हसत म्हणत. पण हसून झालं की ब्रश धुवायला आत जात आणि मग नळ बराच वेळ चालू राही. एका ब्रशला इतकं पाणी लागत नाही, एवढं काकांनाही कळत होतं. त्या नळाच्या आवाजानं त्यांच्याकडून ते वाक्य वदवून घेतलं होतं.

माणसं आणायची म्हणजे बोलवायची, आणि बोलवायची म्हणजे फोन करायचे, हे लक्षात आल्यावर काकांनी उचललेला फोन पुन्हा जागेवर ठेवला. मग त्यांना ईमेल आठवली. ईमेल हा शोध कुणातरी लाजाळू माणसानंच लावला असणार, याबद्दल त्यांच्या मनात कधीच शंका नव्हती. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, ‘काय काम काढलंत?’ हा प्रश्न येत नाही आणि पाठवायच्या आधी हवं तितक्या वेळा तपासता येतं.

काकांनी चार ओळींचं निमंत्रण लिहायला अख्खी दुपार घेतली. ‘आपण यावे’ लिहिलं, ते हुकूम सोडल्यासारखं वाटलं म्हणून ‘आपण याल अशी आशा आहे’ केलं, त्यात अविश्वास डोकावतोय असं वाटून पुन्हा ‘आपण यावे’ केलं. मग नातेवाईक, काकूंच्या शाळेतल्या बाई, बिल्डिंगमधली मंडळी असे सगळे पत्ते ‘प्रति’ या रकान्यात एकाखाली एक बसवले आणि डोळे मिटून बटण दाबलं.

पहिलं उत्तर काकूंच्या मोठ्या भावाचं आलं. दादा म्हणजे निवृत्त अधिकारी. कुठल्या खात्याचे ते ओळखीचे लोक विचारत नसत, कारण सांगायला ते वेळ घेत. दादांनी लिहिलं होतं : “निमंत्रण मिळाले. यादीत माझे नाव सातवे का, हे समजल्यास बरे होईल.” आणि हे त्यांनी नुसतं काकांना न लिहिता सर्वांना लिहिलं होतं.

त्यावर काकूंच्या मावसबहिणीनं सर्वांना लिहिलं, “दादा, सातवा म्हणजे चांगलाच की! मी कुठे आहे बघ.” त्यावर शाळेतल्या एका बाईंनी सर्वांना विचारलं, “हे कोण लोक आहेत?” त्यावर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी सर्वांना कळवलं की उद्या टाकी धुवायची असल्यामुळे पाणी येणार नाही. या गृहस्थांकडे बिल्डिंगच्या टाकीचं काम असल्यानं त्यांना टाकीवाले म्हणत, आणि आयती यादी हाती लागल्यावर ती वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. काकूंच्या भाच्याला परगावी बसून टाकीच्या बातमीचं काय करावं ते कळेना, म्हणून त्यानं सर्वांना अंगठा पाठवला. संध्याकाळपर्यंत प्रदर्शनाचा विषय मागे पडला होता.

काकांना स्वतःचाच राग आला. छापखान्यात निमंत्रणपत्रिकेवरच्या नावांच्या क्रमावरून दोन सख्खे भाऊ काउंटरवर हमरीतुमरीवर आलेले त्यांनी पाहिले होते. तरी ही चूक आपल्याकडून व्हावी?

“अहो प्रूफकाका, सोपं आहे,” टाकीवाले जिन्यात म्हणाले. “वयानं लावा नावं.”

“बायकांची वयं कशी विचारणार?”

“अंदाजानं लावायची.”

काकांनी अंदाजाचे परिणाम डोळ्यांसमोर आणले आणि जिन्याचा कठडा धरला.

“मग गुप्त रकान्यात टाका सगळ्यांना,” टाकीवाले म्हणाले. “कुणाला कुणाचं नाव दिसत नाही. मी बायकोला न कळवता सासऱ्यांना असंच लिहितो.”

काकांनी सगळ्यांना गुप्त केलं. ‘प्रति’मध्ये कुणीतरी हवं म्हणून तिथे स्वतःचा पत्ता घातला. दादांचा या वेळी फोनच आला. “जावईबुवा, तुम्ही स्वतःच स्वतःला बोलावलंय आणि ते पत्र मला दाखवताय, असं दिसतंय. आधी सातवा तरी होतो, आता यादीतच नाही. आमच्या बहिणीच्या घरी आमची ही किंमत?”

काकांनी तिसरा प्रयत्न करायला घेतला, तेव्हा ईमेलवाल्यांनाच शंका आली. या खात्यातून संशयास्पद प्रमाणात पत्रं जात आहेत, आपण माणूस असल्याचं सिद्ध करा, असा मजकूर आला, आणि खाली एका रस्त्याचं चौकोनात विभागलेलं चित्र. त्यातले सिग्नल असलेले चौकोन निवडायचे होते. दुसरा कुणी हे काम चुटकीसरशी उरकता. काका विचारात पडले. सिग्नलचा खांब हा सिग्नलचाच भाग धरायचा की नाही? काटेकोरपणे पाहिलं तर धरायला हवा. त्यांनी धरला. चूक. मग खांब सोडला. चूक. शेवटी यंत्रानं ‘आपण पुन्हा प्रयत्न करू शकता, पण आज नाही’ असं कळवून खातं बंद केलं. आपण माणूस आहोत की नाही याबद्दल काकांना अधूनमधून शंका येतच असे, पण ती लेखी स्वरूपात पहिल्यांदाच आली.

इथे दाताचे डॉक्टर कथेत आले. तळमजल्यावर त्यांचा दवाखाना. काकांचा पडलेला चेहरा बघून त्यांना वाटलं, दाढ असेल. काकांनी तोंड उघडलं आणि दाढेऐवजी सगळी हकिकत बाहेर आली.

“एवढंच ना?” डॉक्टर म्हणाले. “माझ्याकडे पेशंटना आठवण पाठवायचं ॲप आहे. तुमची नावं घाला, मजकूर घाला. ते प्रत्येकाला वेगळं पत्र पाठवतं, वर त्याचंच नाव घालून. दुसऱ्या कुणाला गेलंय हे कुणाला कळतही नाही.”

प्रत्येकाला वेगळं! वर त्याचंच नाव! काकांना हे ॲप बनवणाऱ्याचे पाय धरावेसे वाटले. हा माणूस मोठ्या कुटुंबात वाढला असणार.

“कुठल्या कॉम्प्युटरवर आहे ते?” त्यांनी रिसेप्शनवरच्या बाईंना विचारलं.

“कुठल्याच नाही. क्लाउडमध्ये आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे कुणाच्यातरी दुसऱ्याच कॉम्प्युटरवर. कुठेतरी लांब. तुम्ही घरी बसून उघडा, हा पासवर्ड घ्या. नावं टाका, मजकूर टाका, पाठवा. बाकीचं ते आपोआप करतं.”

‘बाकीचं म्हणजे काय?’ हा प्रश्न काकांच्या जिभेवर आला होता. पण अपरिचित बाईंना लागोपाठ तिसरा प्रश्न विचारणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. पुढचं सगळं त्या एका सभ्यपणामुळे झालं असं म्हणायला हरकत नाही.

काकांनी नावं भरली. ‘आदरणीय दादा’ असं लिहिताना त्यांनी ‘आदरणीय’ दोनदा तपासला. मजकूर सुवाच्य चौकटीत दिसत होता. स्वल्पविराम जागच्या जागी होते. आता ॲपनं शेवटचा प्रश्न विचारला : कुणाला पाठवायचं? खाली दोन पर्याय होते, ‘निवडलेले’ आणि ‘सर्व’.

चार दिवसांपूर्वीचे काका असते तर त्यांनी ‘निवडलेले’वर बोट ठेवलं असतं. पण मधल्या दिवसांत ते पोळले होते. निवडलेले म्हणजे कुणीतरी वगळलेले. उद्या मावसबहिणीला कळलं की आपल्याला निवडून बोलावलं, आणि तिनं ते दादांना सांगितलं, आणि दादांनी विचारलं की निवड कुणी केली, कुठल्या निकषावर केली... काकांनी ‘सर्व’ दाबलं. सर्वांना बोलावण्यात आजवर कुणाचा अपमान झालेला नव्हता.

पडद्यावर ‘पत्रे रांगेत आहेत’ अशी पाटी आली. काका समाधानानं चहा करायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दादांचा फोन आला. आवाज बर्फासारखा होता.

“जावईबुवा, माझी कवळी आहे, हे खरं आहे.”

“अं?”

“पण ती मी रोज धुतो. चित्रं बघायला येताना मी तोंडाची काय तयारी करावी, हे तुम्ही मला लेखी सांगाल असं वाटलं नव्हतं. तेसुद्धा मला एकट्याला!”

फोन बंद झाला. काकांनी स्वतःला आलेली प्रत उघडली. वर ठळक अक्षरात ‘आपल्या भेटीची आठवण’ होतं. मधे त्यांच्या चार ओळी, निर्दोष. आणि खाली, चौकटीत ज्याचा पत्ताच नव्हता असा मजकूर : ‘येण्यापूर्वी दात स्वच्छ घासून यावे. तोंडाला दुर्गंधी, हिरड्यांतून रक्त असल्यास न लाजता सांगावे. सोबत कुणाला तरी आणावे.’

बाकीचं ते आपोआप करतं ते हे.

हेच पत्र एकाच वेळी सगळ्यांच्या नावानं गेलं असतं तर सगळे हसले असते. पण प्रत्येकाला वेगळं गेलं होतं, वर त्याचंच नाव घालून, त्यामुळे ती सूचना खास आपल्यालाच केलेली आहे याबद्दल कुणालाही शंका राहिली नव्हती. शाळेतल्या बाईंनी ‘धन्यवाद, मला जमणार नाही’ एवढंच कळवलं. मावसबहिणीनं काकूंना सोडून बाकी सगळ्यांना फोन करून विचारलं की माझ्या तोंडाला खरंच वास येतो का, आणि दोघातिघांनी बराच वेळ विचार करून उत्तर दिल्यामुळे तिथेही तुटलं. टाकीवाले जिन्यात भेटले ते हात तोंडावर धरून बोलले.

काकांनी लगेच खुलासा लिहिला. तो लिहिताना त्यांना इतकी घाई होती की कुठून पाठवतोय याचा विचारच केला नाही. ‘दात घासण्याविषयीची सूचना कृपया मनावर घेऊ नये. ती चुकून आली आहे. क्षमस्व.’ सर्व. पाठवा.

अर्ध्या तासात रिसेप्शनवरच्या बाई वर आल्या. त्या कधी वर येत नसत.

“काका, तुम्ही ‘सर्व’ दाबलंत?”

“हो. म्हणजे... माझे सर्व.”

“सर्व म्हणजे सर्व! दवाखान्याचे सगळे पेशंट त्यात आहेत. काल सगळ्यांना शनिवारी वाचनालयात बोलावलंत, आणि आज डॉक्टरांच्या नावानं कळवलंत की दात घासण्याचं मनावर घेऊ नका!”

“त्याच्याखाली पुन्हा ‘दात घासून यावे’ आलं असेल ना?” काकांनी क्षीण आशेनं विचारलं.

“आलंय. त्यामुळे लोक विचारतायत, नक्की काय करू?”

खाली डॉक्टर खुर्चीत बसले होते, पेशंटच्या. “काका,” ते म्हणाले, “इतकी वर्षं मी एकच गोष्ट लोकांना सांगत आलो. एकच.”

“रद्द करता येईल का?”

“रद्द केलं तर सर्वांचंच होतं. तुमच्याही लोकांचं.” डॉक्टरांनी कपाळ चोळलं. “निम्म्यांनी ‘येणार’चं बटण दाबलंय. मी रोज वेळ देतो तेव्हा येत नाहीत, आणि वाचनालयात यायला एका पायावर तयार! आता मीच येतो शनिवारी आरसा-बॅटरी घेऊन. करणार काय?”

काका जिना चढून घरी आले. काकू चित्रांना मागून दोऱ्या बांधत होत्या.

“अहो, येतायत का कुणी?”

“येतायत,” काका म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

“किती?”

“बरेच.”

काकू हसल्या आणि गाठ मारता मारता काहीतरी गुणगुणायला लागल्या. काकांना खरं सांगायचं होतं. तोंडसुद्धा उघडलं होतं. पण नळ बंद होता, आणि तो बंदच राहावा असं त्यांना वाटलं.

शनिवारी हॉल उघडला तेव्हा आत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. काकू ठेवणीतली साडी नेसून दारापाशी उभ्या होत्या आणि हळूच ‘या, या ना’ म्हणून बघत होत्या. थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. एक गृहस्थ गालाला रुमाल लावून आत आले.

“या, या ना,” काकू म्हणाल्या.

“हंबर?” गृहस्थ म्हणाले. त्यांना ‘नंबर’ म्हणायचं होतं. त्यांच्यामागून दोन बायका आल्या, मग एक सबंध कुटुंब, मग एकदम जिना भरला. सोबत कुणाला तरी आणावे, ही सूचना सगळ्यांनी पाळली होती. काकू बघत राहिल्या. त्यांनी काकांना कोपऱ्यात ओढलं.

“अहो, हे कोण?”

“आलेत बघायला.”

“गाल धरून?”

काकांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांनी समोरच्या भिंतीवरचा खिळा एकदाही नजरेआड होऊ दिला नाही. काकूंनी ऐकून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “म्हणजे माझ्यासाठी कुणीच नाही.”

एव्हाना रिसेप्शनवरच्या बाईंनी सूत्रं हातात घेतली होती. “भिंतीकडून रांग! भिंतीला टेकायचं नाही, चित्रं आहेत! डॉक्टर खिडकीपाशी आहेत!” चित्रातल्या खुर्च्या सोडल्या तर हॉलमध्ये एकच खुर्ची होती आणि तिच्यावर पेशंट ‘आ’ करून बसला होता. रांग चारही भिंतींना वळसा घालून दारापर्यंत आली. दादाही आले. भांडायलाच आले होते, पण एवढी माणसं बघून चकित झाले. बाईंनी त्यांना रांगेचा शेवट दाखवला. “मी चित्रकर्तीचा भाऊ आहे,” दादा म्हणाले. “कवळीवाले असाल तर थोडा वेळ लागेल,” बाई म्हणाल्या. दादा कशाबद्दल बोलावं हे न ठरल्यानं रांगेत उभे राहिले.

रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. उभं राहून करायचं काय? लोक समोर बघू लागले, आणि समोर खुर्च्या होत्या. “ही आपल्या बँकेतली,” कुणीतरी म्हणालं. “छे, बँकेतली डुगडुगते.” “मग ही डुगडुगणारीच आहे, पाय बघ ना.” काकू लांब, लोकांकडे पाठ करून उभ्या होत्या.

समोरच्या भिंतीपाशी एक बाई होत्या, गाल चांगला सुजलेला. त्यांचा नंबर पुकारला गेला. त्या हलल्या नाहीत.

“अहो बाई, चला ना पुढे,” मागचा म्हणाला.

“तुम्ही व्हा पुढे,” बाई म्हणाल्या. “मी हे बघून येते.”

“दाढ ना तुमची?”

“दाढ आहे ती राहील. व्हा तुम्ही.” मग त्यांनी इकडेतिकडे बघून विचारलं, “ही कुणी काढली?”

काकू वळल्या. “मी.”

“या उशीवर खळगा आहे. कुणीतरी आत्ताच उठून गेलंय ना इथून?”

काकू चित्राजवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, “सगळ्याच खुर्च्यांवरून कुणीतरी आत्ताच उठलंय. कुणाला दिसेल असं वाटलं नव्हतं.”

“दिसतंय की,” गाल धरून त्या बाई म्हणाल्या, आणि पुढच्या चित्राकडे गेल्या, नंबर सोडून. काकू त्यांच्यासोबत गेल्या. दोघी मग प्रत्येक चित्रापाशी थांबत होत्या, आणि काकूंचा हात वर्गात नकाशावर फिरायचा तसा फिरत होता.

काका दूरवरून बघत होते. ही सगळी चित्रं त्यांच्याच घरात काढली गेली होती. रोज त्यांच्यासमोरून जात होती. प्रत्येक चित्राखालचं नाव त्यांनी तपासून दिलं होतं, र्‍हस्व-दीर्घासकट. खळगा त्यांनी पाहिला नव्हता. एकही.

ते दारापाशी गेले आणि दादांच्या मागे उभे राहिले.

“काका, तुमच्या दाताला काय झालंय?” रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं.

“दात ठीक आहेत,” काका म्हणाले. घसा न खाकरता. “मला फक्त रांगेत उभं राहायचंय. घाई नाही.”

रांग एक पाऊल पुढे सरकली. पहिलं चित्र स्वयंपाकघरातल्या खुर्चीचं होतं. काकांची नजर सवयीनं खालच्या नावाकडे गेली. ती त्यांनी तिथून उचलली आणि वर नेली.